पहिला नंबर तुमचाच

नवऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही, हे तिला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. पण त्याचा हा गुण आपल्याला थेट ऑपरेशनच्या टेबलावर गाठेल, असं काही तिला वाटलं नव्हतं.

नवरा पाणीपुरवठा खात्यात तक्रार खिडकीवर होता. खिडकीबाहेर नळाला पाणी नसलेली, गढूळ पाणी असलेली, मध्यरात्री पाणी येऊन घर बुडालेली माणसं ओळीने उभी असत आणि खिडकीआत हा बसलेला असे. त्याच्या हाती ना नळ, ना पाना, ना पाणी. हाती होती फक्त दोन वाक्यं. पहिलं, "होऊन जाईल." आणि तेवढ्याने समोरचा हलला नाही, तर किंचित पुढे झुकून, आवाज खाली आणून दुसरं, "कुणाला बोलू नका, पण पहिला नंबर तुमचाच." या दोन वाक्यांवर त्याने अर्धं शहर कोरडं ठेवलं होतं आणि तरीही खात्यात त्याच्याइतका लोकप्रिय माणूस दुसरा नव्हता. लोक तक्रार घेऊन येत आणि गुपित घेऊन परत जात. प्रत्येकाला वाटे, आपलं काम झालंच. रांगेतल्या प्रत्येकाचा नंबर पहिला असू शकत नाही, हे गणित आजवर कुणी मांडलं नव्हतं, कारण रांगेतली माणसं एकमेकांशी बोलत नसत.

तिचं काम नेमकं याच्या उलट. ती बसस्थानकावर सूचना द्यायची. तिच्याकडे गुपित असं काही नव्हतंच. जे बोलायचं ते सगळ्या स्थानकाला ऐकू जायचं. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" एवढं तिने म्हटलं की चहाचा घोट घशात अडकवून माणसं पळत सुटायची. इमारतीत तिला सगळे सूचनाबाईच म्हणत. आता एवढी वर्षं गाड्यांचं आगमन जाहीर करूनही तिने एकही गाडी येताना पाहिली नव्हती. तिच्या खोलीला खिडकीच नव्हती. एक माइक, एक टेबलफॅन आणि कुठली गाडी कुठे लागली ते सांगणारा एक फोन. भिंतीपलीकडे माणसं उतरत असतील, कुणाच्या तरी गळ्यात पडत असतील, पण तिला ऐकू यायचा तो नुसता गलका.

म्हणून बाळाच्या बाबतीत तिने एकच अट घातली. "अहो, ऐका. मला बाकी काही नको. बाळाचं तोंड सगळ्यांत आधी मी बघणार. हे एक आगमन तरी मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या."

"होऊन जाईल," नवरा म्हणाला. मग किंचित पुढे झुकला. "तुझाच नंबर पहिला."

तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

बाळ पोटात उलटं होतं. म्हणजे डोकं वर आणि पाय खाली, बसमध्ये सीट मिळालेल्या माणसासारखं ऐसपैस. डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं, यंत्र लावून पाहिलं आणि सांगितलं, हे काही आता फिरत नाही, सिझेरियन करू. ही बातमी नवऱ्याने कुणालाही सांगितली नाही, म्हणजे जो भेटेल त्याला 'कुणाला बोलू नका' असं बजावून सांगितली. त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या मास्तरांपर्यंत पोचली.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. कपाट सरकवताना त्यांच्या पाठीत जी उसण भरली होती ती सहा औषधं, तीन तेलं आणि एक पट्टा यांना पुरून उरली होती. ते कमरेत वाकले ते वाकलेच. जिन्यात भेटले तर आधी त्यांचं टक्कल नमस्कार करायचं, मग ते. बाळाचे पाय खाली आहेत म्हटल्यावर मास्तरांच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे पायाळू!" ते म्हणाले. "पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते. आणि पाय जितका ताजा तितका गुण मोठा. जमिनीलाच काय, कुणालाही लागायच्या आधीचा पाय हवा." यावर नवरा काय म्हणाला असेल, ते आता वाचकांना सांगायला नको.

हे तिला ऑपरेशनच्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. तिने एवढंच पाहिलं की सकाळी हॉस्पिटलला निघताना गाडीच्या पुढच्या सीटवर मास्तर आधीच दुमडून बसलेले आहेत. ती मागे, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला तिची आई, आणि मांडीवर, म्हणजे मांडीची जी काही जागा शिल्लक होती तिच्यावर, कपड्यांची बॅग.

"मास्तर कशाला?" तिने विचारलं.

"सोबत," नवरा रस्त्याकडे बघत म्हणाला. "वडीलधारं माणूस असलेलं बरं."

हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन तयार होता. त्याने गाडीतून उतरलेल्या मंडळींवर एकदा नजर टाकली. एक बाई बॅग घेऊन ताठ उभी आहे आणि एक माणूस पोट धरल्यासारखा वाकून कण्हतोय, हे पाहून त्याने आपला निर्णय घेतला. "बाजूला व्हा बाई, पेशंटला जाऊ द्या," असं म्हणून त्याने मास्तरांना खुर्चीत घातलं आणि भरधाव आत नेलं. मास्तरांनीही विरोध केला नाही. आयुष्यात शाळेने दिली नाही ती वागणूक मिळत असताना कोण विरोध करतो? मागून ती बॅग घेऊन चालत गेली. मास्तर एक्स-रेच्या टेबलावर चढवले जायच्या बेतात होते तेव्हा कुठे खरी पेशंट कोण याचा उलगडा झाला. खुर्ची मात्र त्यांनी सोडली नाही. "आता बसलोच आहे तर असू दे," ते म्हणाले.

ऑपरेशन थिएटर रिकामं नव्हतं. केव्हा रिकामं होईल ते विचारायला नवरा चौकशीच्या खिडकीवर गेला आणि पांढराफटक पडून परत आला.

"काय म्हणाले?"

"होऊन जाईल म्हणाले."

"बरं मग?"

"अगं, मग काय!" नवरा कपाळाला हात लावून म्हणाला. "होऊन जाईल म्हणाले म्हणजे त्यांना काही माहीतच नाही. वर पुढे झुकून म्हणाले, पहिला नंबर तुमचाच." पलीकडच्या बाकावर आणखी दोन गरोदर बायकांचे नवरे स्वतःशीच खुशीत हसत बसले होते. आपला नवरा आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या अलीकडे उभा राहिलाय, हे पाहून उपाशीपोटीही तिला बरं वाटलं.

उपाशी ती एकटीच होती. सासूबाई आणि आई यांनी डबे उघडले होते. दोघींचं एकमेकींशी कशावरच पटत नसे, पण तिला सुनावायच्या बाबतीत दोघींची एकजूट होती.

"सिझेरियन म्हणजे काय गं," सासूबाई घास चावत म्हणाल्या, "झोपायचं आणि उठायचं. कळा कुठे सोसायच्यात! आमच्या वेळी असली सोय नव्हती."

"हल्लीच्या मुलींना सोसतच नाही," आईने री ओढली. स्वतःच्या आईने!

तिला आठवलं, नवऱ्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा याच सासूबाईंनी त्याला महिनाभर पाण्याचा पेला उचलू दिला नव्हता. तेही पोट कापूनच काढलं होतं. पण त्याला कुणी 'सोपी सुटका' म्हटलं नव्हतं, उलट 'किती सोसलंस रे बाळा' म्हणून गल्लीभर बायका भेटायला आल्या होत्या. शिवाय अपेंडिक्स काही घरी आणून वाढवावं लागत नाही. पण पोटात अन्न नसताना भांडायला आवाज चढत नाही, आणि तेवढ्यात तिला आत बोलावलंच.

आत भूल देणारे डॉक्टर होते. त्यांनी तिला टेबलावर बसवलं आणि म्हणाले, "पाठ वाकवा. अजून वाकवा. मांजर वाकतं तशी." एवढं पोट पुढे असताना कुठून वाकणार? मास्तर असते तर पहिल्या फटक्यात जमलं असतं, असं तिच्या मनात आलं.

"डॉक्टर, फार दुखेल का?" तिने विचारलं.

डॉक्टर सुई हातात घेऊन थबकले. "थांबा थांबा. हा आवाज... तुम्ही बसस्थानकावरच्या का?"

"हो."

"तुम्हीच का त्या! माझ्या मेव्हणीच्या लग्नाला निघालो होतो. तुम्ही सांगितलं फलाट पाच, गाडी होती फलाट दोनवर. गाडी चुकली. सासुरवाडीचे अजून बोलून दाखवतात."

माणसाने कुणाशी वाकडं घ्यावं याला काही मर्यादा असते, आणि आपल्या पाठीमागे सुई घेऊन उभा असलेला माणूस त्या मर्यादेच्या पलीकडे येतो. "मला फोनवर जे सांगतात तेच मी सांगते हो," ती कळवळून म्हणाली. "माझ्या खोलीला खिडकीसुद्धा नाही."

"असं होय," म्हणून डॉक्टरांनी सुई टोचली. सूड होता की औषध, ते कळायच्या आतच तिचे पाय बधिर झाले.

मग छातीपुढे एक हिरवा पडदा लागला. पलीकडे डॉक्टरीणबाई काम करत होत्या आणि काम करता करता, आपल्या स्वयंपाकघरातला नळ कसा गळतो आणि पाणीपुरवठ्याच्या खिडकीवरचा तो माणूस कसा नुसता 'होऊन जाईल, होऊन जाईल' म्हणत राहतो, ते भुलीच्या डॉक्टरांना सांगत होत्या. ती डोळे मिटून पडून राहिली. 'तो माझा नवरा' हे सांगायची ही वेळ नव्हे, एवढं तिला भूल दिलेली असतानाही समजत होतं. पोटात दुखत नव्हतं, पण भरल्या पिशवीत तळाशी गेलेली किल्ली कुणीतरी शोधावी तशी चाचपाचाचपी चालली होती.

"डॉक्टर, तोंड मला आधी दाखवा हं," ती पडद्याला म्हणाली.

"दाखवते, दाखवते. आलंच. हं... मुलगी!"

पडद्यावरून दोन हात वर आले. पण बाळ पायाकडून निघालेलं. डॉक्टरीणबाईंनी घाईत जसं निघालं तसंच उचलून धरलं, आणि तिला दिसलं ते दोन जांभळट तळवे आणि मधोमध एक इवलंसं ढुंगण. ते तिने डोळे भरून पाहिलं. मग ती म्हणाली, "आणि तोंड?"

"तोंड आहे की, जागच्या जागी आहे," नर्स म्हणाली. तोवर बाळ रडायला लागलं होतं, पुसलं गेलं होतं, दुपट्यात गुंडाळलं गेलं होतं. "बाहेर साहेब थांबलेत, त्यांनी मला सांगून ठेवलंय, बाळ आधी बाहेर आणा म्हणून. लग्गेच आणते."

"अहो, पण मी... मी आई आहे!"

"तुम्ही कुठे जाताय?" नर्स म्हणाली आणि गेली. बोलणं बिनतोड होतं. तिचे पाय तिच्या ताब्यात नव्हते आणि पोट अजून उघडं होतं.

तेव्हा मात्र तिला रडू आलं. तिला वाटलं, हे आगमनही आपण भिंतीपलीकडून ऐकायचं. जगाला आपणच बोलवायचं आणि जगाने आपल्या आधी बघून घ्यायचं.

ऐकू मात्र सगळं येत होतं, कारण थिएटरच्या दाराची कडी बिघडलेली होती आणि दार झुलत होतं. कडीची तक्रार दिलेली होती म्हणे, होऊन जाणार होती.

"आण इकडे," हा सासूबाईंचा आवाज. "बाळ पहिलं ज्याचं तोंड बघतं त्याच्यावर जातं. माझं नाक घेऊ दे तिला. मला शब्द दिलाय माझ्या लेकाने."

"शब्द?" ही आई. "शब्द मला दिलाय जावईबापूंनी! पहिली मी घेणार. तुमचं नाक पोरीला? अहो, तिचं लग्न व्हायचंय पुढे!"

"बायांनो, आधी पाय," हे मास्तर. त्यांनी खुर्चीतच पाठ वळवून सदरा वर केला असावा, कारण नर्स "अगंबाई!" म्हणाली. "पहिली लाथ माझी ठरली आहे. साहेबांना विचारा."

रांगेतली माणसं प्रथमच एकमेकांशी बोलली होती. तिला नवऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, पण दिसायची गरजही नव्हती.

"होऊन जाईल," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"आणि मास्तर, पायाळू कसली हो?" सासूबाईंनी दुसरी आघाडी उघडली. "पायाळू म्हणजे दारातून पायाने आलेलं. हिला तर खिडकी फोडून काढलीय."

"पाय आधी आले की नाही? मग दार की खिडकी हा तपशील झाला."

"अहो, तिला सरळ धरा!"

"दुपटं ओढू नका!"

"डोळे उघडू देऊ नका तिला त्यांच्याकडे, अहो जावईबापू, झाका तोंड तिचं!"

बाळ आता नवऱ्याच्या हातात असावं आणि आईच्या हाताने दुपटं पुढे, सासूबाईंच्या हाताने मागे, मास्तरांच्या हाताने खालून ओढलं जात असावं. बाळ टाहो फोडत होतं. इकडे डॉक्टरीणबाई टाके घालत होत्या आणि म्हणत होत्या, "बाहेर कोण आहे तो? आवाज ओळखीचा वाटतो. होऊन जाईल म्हणाला का?"

टाके संपले. तिला स्ट्रेचरवर घेतलं. "मान उचलायची नाही," भुलीच्या डॉक्टरांनी बजावलं, "नाहीतर डोकं धरेल." स्ट्रेचर दार ढकलून बाहेर आलं. तिला दिसत होतं ते छत, एक दिवा आणि चार माणसांच्या हनुवट्या खालच्या बाजूने. त्या हनुवट्यांच्या मध्ये, तिच्यापासून हातभर अंतरावर, तिची मुलगी रडत होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ती बाहेर आली आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मान उचलायची नव्हती. पाय तर नव्हतेच. मग तिच्याजवळ जे उरलं होतं ते तिने बाहेर काढलं.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

कॉरिडॉर जागच्या जागी थिजला. कुठल्याशा खोलीतला एक रुग्ण सवयीने पिशवी शोधू लागला.

"आत्ताच आगमन झालेली मुलगी स्ट्रेचरवर लागलेली आहे. ही मुलगी फक्त आईसाठी राखीव आहे. पोहोचवायला आणि बघायला आलेल्या मंडळींनी ताबडतोब दोन पावलं मागे व्हावं. हातातलं सामान स्ट्रेचरवर ठेवावं. ज्यांना शब्द मिळाला आहे त्यांनी तो देणाऱ्याकडे परत करावा."

सगळे दोन पावलं मागे झाले. मास्तर तर खुर्चीतून ताडकन उठून उभे राहिले, सरळ! निवृत्त होईपर्यंत याच आवाजाने त्यांना रोज शाळेच्या गावी जाणाऱ्या बसमागे पळवलं होतं. मास्तर विसरले असतील, पाठ विसरली नव्हती.

आणि बाळ गप्प झालं. एकदम. जणू इतका वेळ ते याच सूचनेची वाट बघत होतं. पोटात असताना रोज ऐकलेला आवाज होता तो. नवऱ्याने घाबरत घाबरत सामान स्ट्रेचरवर, तिच्या गालाशी, ठेवलं. तिने दुपटं बाजूला केलं.

लालबुंद तोंड, कपाळावर आठी, गाडी लेट झालेल्या प्रवाशासारखा चेहरा. भांडणात घट्ट मिटून घेतलेले डोळे आधी एक, मग दुसरा असे उघडले आणि तिच्यावर थांबले. "आलीस होय," ती हळूच म्हणाली, माइक नसल्यासारखी. तिला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं आणि पोटाच्या टाक्यांना त्यातलं काहीच मानवलं नाही. ती इतकी सुखी याआधी कधीच झाली नव्हती.

"मास्तर सरळ झाले!" तेवढ्यात आई ओरडली.

"लाथ लागली!" मास्तर आपली पाठ चाचपत म्हणाले. "लागली असलीच पाहिजे!"

"मी म्हणतच होते, पायाळू ती पायाळूच," खिडकीचा सिद्धान्त सोडून सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घराण्याचा गुण आहे तो." आवाजाला श्रेय द्यावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. बाईच्या आवाजाने गाड्या हलतात, पाठी हलत नाहीत, असा जगाचा समज आहे.

बघता बघता बातमी कॉरिडॉरभर झाली. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस कंबर धरून आला. वॉर्डबॉय आला, त्याची मान आखडलेली होती. पलीकडच्या बाकावरचे दोन नवरे आले. सगळे लाथेसाठी स्ट्रेचरशी ओळ करून उभे राहिले आणि ओळीच्या तोंडाशी नवरा उभा राहून किंचित पुढे झुकून एकेकाला काहीतरी सांगू लागला. ज्याला त्याला सांगून झाल्यावर तो तिच्या उशाशी आला. मुलगी मघाशी त्याच्याच हातात होती, पण तो सारा वेळ इतरांचीच तोंडं सांभाळत होता, मुलीचं तोंड त्याने पाहिलंच नव्हतं. हे त्याच्या आता लक्षात आलं.

"अगं," तो जरा ओशाळून म्हणाला, "मी बघू का आता?"

तिने मुलीचं तोंड आपल्या मानेशी वळवून घेतलं. मग मान न उचलता, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "होऊन जाईल. कुणाला बोलू नका, पण पहिला नंबर तुमचाच."

नवरा जाऊन ओळीच्या शेवटी उभा राहिला.